धरायला जागा

प्लेट उद्या सकाळी हलवू म्हणतोस? हलव. गाडी तुझी, प्लेट तुझी, मी कोण अडवणारा. जुनी गाडी घेतली की आधीच्या मालकाचे चोचले काढून टाकावेसे वाटतातच. चाकाच्या बाजूला लटकवलेली ती नंबर प्लेट मलाही बघवत नाही. फक्त एक सांग. मधल्या मूळ जागेची भोकं त्याने कशाने बुजवली आहेत? रबराची बुचं आहेत? नक्की? हात लावून बघितलंस? मग ठीक आहे. मग घे मध्ये खुशाल.

का विचारलं म्हणजे? उगाच नाही विचारलं. बसा तिघंही, सांगतो. उद्या लांबचा पल्ला आहे तुमचा, रात्रभर झोप नाही आली तर माझ्या नावाने खडे फोडू नका. आणि तो मोबाइलचा दिवा विझव रे, सरळ डोळ्यांवर येतोय. गच्चीवर बसून ऐकायला उजेड कशाला लागतो?

मी भुताखेतांचा माणूस नाही, हे हवं तर तुझ्या बापाला विचार. सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. रात्रपाळीला बसच्या पोटाखाली पोतं टाकून एकटा झोपलोय मी. भूत सोडा, उंदरानेही कधी चौकशी केली नाही. हे माझ्या बाबतीत घडलेलं नाहीच. हे घडलं वायसरच्या बाबतीत.

वायसर म्हणजे माझा मित्र. अंगाने एवढासा, चपटा, आणि कोणाही दोघांचं भांडण लागलं की हा नट-बोल्टमधल्या चकतीसारखा मधे जाऊन बसणार, म्हणून वायसर. आम्ही एकाच दिवशी डेपोत लागलो. मी टिकलो. त्याचं साहेबाशी वाजलं आणि त्याने बायपासला स्वतःचं गॅरेज टाकलं. लांबच्या प्रवासाला नेतात त्या मोठ्या मोटरसायकलींचं काम करायचा. पेट्या बसव, कॅरिअर बनव, दिवे वाढव, असलं. हात चांगला होता. आणि त्याचा त्याला माजही होता, ते लपवण्यात अर्थ नाही.

शेजारच्या गाळ्यात वहिनी. वहिनी म्हणजे त्याची बायको. गाड्यांची सीट कव्हरं शिवतात. दिवसभर याचा ग्राइंडर आणि त्यांचा रेडिओ यांचं वैर चालायचं. तो ग्राइंडर लावायचा, त्या आवाज वाढवायच्या. पण दुपारी त्या शटर अर्धं ओढून आल्याशिवाय हा पठ्ठ्या डब्याला हात लावायचा नाही. जीव टाकायचा त्यांच्यावर. बोलून कधी दाखवलं नाही, आमच्या पिढीला ते जमत नाही.

वहिनींची एक खोड. रस्त्याने कोणी एकटं चालताना दिसलं की त्यांची स्कूटर थांबलीच म्हणून समजा. कोणालाही मागे बसवतात. ओळख नाही, पाळख नाही, बसा म्हणतात. वायसर कावायचा, एक दिवस चोराला घरी घेऊन येशील म्हणायचा. त्या म्हणायच्या, आणला तर आणला, दोन घास जेवून जाईल बिचारा.

तर त्याच्याकडे एक दातांचा डॉक्टर आला. नवीकोरी नाही, जुनीच, पण मोठी टूरिंग गाडी घेतली होती त्याने. दोन बाजूंना दोन पेट्या, पुढे ही एवढी काच. सुट्टी काढून बायकोला घेऊन महिनाभर फिरायचं असा त्याचा बेत. अडचण एकच. आधीच्या मालकाने नंबर प्लेट मधून काढून डाव्या बाजूला, चाकाजवळ खाली नेली होती. त्यामुळे डावी पेटी उघडताना झाकण ब्रॅकेटवर आपटायचं, आणि रात्री प्लेटवर उजेड पडायचा नाही म्हणून पोलीस अडवायचे. डॉक्टर म्हणाला, होती तिथे परत मध्ये घ्या.

किरकोळ काम. वायसरने गाडीच्या मागे बसून मडगार्डवरून हात फिरवला आणि तिथेच थबकला. मूळ भोकं रबराने बुजवलेली नव्हती. वेल्डिंगने भरली होती. वरून भरली होती, मग आतून हात घालून उलट्या बाजूनेही भरली होती. घासून, पुट्टीची लांबी भरून, रंग देऊन. असं कोणी करत नाही. प्लेट हलवली तर माणूस भोकांना बुचं मारतो, म्हणजे उद्या विकताना परत होती तिथे बसवता येते. ज्याने हे केलं त्याला तिथे पुन्हा काही बसायलाच नको होतं.

त्याने डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाला, विकणारा एवढंच बोलला की त्या जागी प्लेट टिकत नाही, वाकते. कशी वाकते? तर खाली, ओढल्यासारखी. कितीही जाड पट्टी लावा, आठवड्यात वाकते.

झालं. वायसरला तेवढंच पुरे होतं. मी बांधलेली वाकत नाही, म्हणाला. त्याने ती भरलेली भोकं ड्रिलने पुन्हा उघडली. बसच्या पायरीला वापरतात तसली जाड लोखंडी पट्टी घेऊन ब्रॅकेट घडवलं, आतून आधार दिला आणि बोल्टही गरजेपेक्षा एक नंबर मोठे लावले. दोन माणसं लोंबकळली तरी हलणार नाही, असं मला फोनवर सांगत होता. मी म्हटलं, प्लेट बसवतोयस की पाळणा?

तोवर वहिनींनी सीट खोलून घेतली होती. कपडा आणि रेक्झिन कुठे कसं झिजतं हे वहिनींना बरोबर कळतं. सीट बघून माणूस डावीकडे कलून बसतो की उजवीकडे, ते सांगतात. त्यांनी डॉक्टरला विचारलं, पुढचं सीट पार गेलंय आणि मागचं कोरं कसं, मागे कोणी बसतच नव्हतं का? डॉक्टर हसून म्हणाला, आता माझी बायको बसेल ना.

आता वायसरच्या कामाची रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. नवीन ब्रॅकेट बनवलं की गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तो स्वतः गाडी चालवायचा. चार खड्डे खाऊ द्यायचे आणि मग बोल्ट पुन्हा आवळायचे. त्यात प्लेटच्या दिव्याची गोष्ट अशी की तो दिवसा बघून काही समजत नाही, आणि चालवणाऱ्याला तर तो कधीच दिसत नाही. म्हणजे अंधार हवा, आणि मागून दुसऱ्या गाडीवर कोणीतरी हवं, नंबर वाचता येतोय की नाही ते सांगायला. ते काम नेहमी वहिनींचं. वायसर पुढे, मागे त्यांची स्कूटर, आणि दोघांच्या हेल्मेटमध्ये कानाशी खुपसलेले फोन.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. रात्रीचे पावणेदहा झाले होते. चंद्र नव्हता, थंडी बेताची. गॅरेजला कुलूप लावून दोघं निघाले. कालव्याच्या पुलावरून पेट्रोल पंपापर्यंत जायचं, तिथे उजेडात बोल्ट आवळायचे, आणि परत घरी. नेहमीचा रस्ता, त्यात विशेष काही नाही.

पुलापर्यंत सगळं छान चाललं होतं. त्याने विचारलं, दिसतोय का नंबर? वहिनी म्हणाल्या, आकडा न् आकडा दिसतोय, आणि तुमचं जॅकेट मागून मळलंय तेही दिसतंय. मग घरी गेल्यावर कोणी काय गरम करायचं यावर दोघांचं थोडं वाजलंही.

पूल ओलांडला की खांबांवरचे दिवे संपतात. दोन्ही बाजूंना झाडं आणि मध्ये रस्ता. तिथे वायसरला गाडी जड लागायला लागली. त्याला वाटलं मागचा ब्रेक धरतोय. त्याने ब्रेक पायाने दाबून सोडून बघितला. तेवढाच जडपणा राहिला. चढ नव्हता, समोरून वारा नव्हता, तरी गाडीला जास्त पेट्रोल द्यावं लागत होतं.

तेवढ्यात कानात वहिनी म्हणाल्या, "आता नंबर दिसत नाही."

त्याने विचारलं, दिवा गेला का? नाही, दिवा लागलेला होता. मग काय, माती उडाली का प्लेटवर? तेही नाही.

"मध्ये काहीतरी येतंय. आडवं."

चिंधी अडकली असेल, म्हणाला तो. रस्त्यात पडलेलं पोतंबितं असेल.  वहिनींच्या स्कूटरचा आवाज जवळ आला. त्या नीट बघायला पुढे सरकल्या असाव्यात. मग बराच वेळ काहीच नाही. नुसता वारा.

"अहो..."

"काय?"

"बोटं आहेत."

मला वायसर म्हणाला, खरं सांगतो, मला हसू आलं. तिने कधी नव्हे ती माझी थट्टा केली असं वाटलं. आणि हसू तोंडावर असतानाच त्याच्या मानेवरून काटा गेला. कारण वहिनींचा आवाज थट्टेचा नव्हता. त्या रडवेल्या झाल्या होत्या.

"थांबा हो. कोणीतरी धरलंय खालून. माणूस आहे. फरपटत येतोय. थांबा."

आता इथे ऐका. दुसरा कोणीही असता तर तिथल्या तिथे ब्रेक मारून उभा राहिला असता. वायसर मेकॅनिक. मेकॅनिकला गाडीत काही बिघडलं म्हटलं की तो आधी उजेड शोधतो. अंधारात गाडी उभी करून करणार काय, नुसतं चाचपणार? समोर पंपाचे दिवे दिसत होते. तो म्हणाला, "पंप आलाच. उजेडात थांबतो."

आणि त्याने गाडी पळवली.

हे सांगताना तो मला म्हणाला होता, मी माणसाचं ऐकलंच नाही रे, मी ब्रॅकेटचं ऐकलं. मी त्याची समजूत घातली. मीही पंपापर्यंत गेलो असतो म्हटलं. आणि खरंच गेलो असतो.

वहिनी मागून थांबा थांबा म्हणत होत्या. मग एकदम म्हणणं बंद झालं. त्याच क्षणी गाडी हलकी झाली. इतकी हलकी की पुढे उसळली.

"सुटला," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यात पडलाय. मी थांबते."

"थांबू नकोस."

"अहो, पडलाय तो."

"थांबू नकोस. माझ्या मागे ये. सरळ ये."

स्कूटरचा आवाज कमी झाला. स्टँड लावल्याचा खट आवाज आला. चपलांचा आवाज. तो ओरडत होता, गाडीवर बस म्हणत होता. पण वहिनी आता त्याच्याशी बोलत नव्हत्या.

"फार लागलंय का?... उठता येईल?... हळू. द्या हात."

समोरून उत्तर नाही. एक शब्द नाही. श्वासही नाही.

"कुठे सोडू?... बरं... बसा. नीट बसा." मग थोडं थांबून, "मागे नका धरू. सुटेल. मला धरा."

...

हो, सांगतो. पाणी दे जरा.

वायसरने गाडी वळवायला घेतली. ती गाडी म्हणजे रेडा. अर्ध्या रस्त्यात ती आडवी झाली असतानाच त्याला समोरून स्कूटर येताना दिसली. दिवा एकच. पण दिवा रस्त्यावर नव्हता, झाडांच्या शेंड्यांवर पडत होता. कळलं का? मागे वजन बसलं की गाडीचं तोंड वर होतं आणि उजेड वर जातो. स्कूटर जवळ आली. तिच्यावर वहिनी एकट्या होत्या. मागचं सीट रिकामं. आणि गाडी मागून पार बसलेली, मडगार्ड चाकाला टेकेल एवढी.

त्या त्याच्या शेजारून गेल्या. बघितलंही नाही. अंगातला स्वेटर कमरेशी दोन्ही बाजूंनी आत ओढला गेला होता. कोणी आवळून धरावा तसा.

तो त्यांच्या मागे निघाला. फोन चालूच होता. अगं, ऐक ना, म्हणत राहिला. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, यांना सोडून येते. कुठे? तर म्हणाल्या, सांगतील ते.

पंप गेला. पंपाच्या उजेडात त्याला पुन्हा दिसलं, मागे कोणी नाही. पुढे एक वसाहत आहे, ओळीने बंगले. वहिनी त्या बाजूला आयुष्यात कधी गेलेल्या नव्हत्या. तरी न विचारता वळल्या. दुसऱ्या गल्लीत. शेवटचं घर. लोखंडी फाटकासमोर त्यांनी स्कूटर थांबवली आणि हॉर्न वाजवला. एकदाच.

वरच्या मजल्यावर दिवा लागला. पडदा हलला. कोणीतरी खाली बघितलं.

दिवा विझला.

वहिनींनी परत हॉर्न वाजवला. काही नाही. सगळी गल्ली गप्प. दिव्याचा झोत त्या घराच्या वरच्या भिंतीवर पडला होता. तो झोत कापत होता.

"दार उघडत नाहीत," वहिनी फोनवर म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

"कोण उघडत नाही?"

"यांचं घर आहे. उघडत नाहीत... अहो, हे उतरत नाहीत."

"तू उतर. गाडी टाक आणि उतर."

"उतरता येत नाही. घट्ट धरलंय..." मग नुसता श्वास. अर्धा आत, अर्धा बाहेर. "...श्वास घेता येत नाही."

वायसर भित्रा माणूस आहे. डेपोत पाल दिसली तर टेबलावर चढायचा. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मी बऱ्याचदा स्वतःला विचारलंय, आणि उत्तर काही चांगलं येत नाही. त्याने गाडी हळूच वहिनींच्या शेजारी नेऊन लावली. हेल्मेट काढलं. त्या रिकाम्या सीटकडे तोंड केलं. तिथे बघवत नव्हतं, म्हणाला, तरी बघितलं. आणि बोलला.

"भाऊ, चूक माझी. ही थांबा म्हणाली, मी थांबलो नाही. ही थांबली. हिला सोडा."

...

"माझ्या मागे बसा. मला धरा."

काही हललं नाही. वहिनींचे डोळे मिटलेले. ओठ निळे.

मग स्कूटरचा मागचा भाग वर यायला लागला. हळू. भिंतीवरचा उजेड खाली उतरत आला. खिडकी. सज्जा. दार. फाटक. फाटकावर थांबला.

वहिनींनी श्वास घेतला. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जावा एवढा मोठा.

आणि वायसरच्या पायांमधली ती अवजड गाडी मागून खाली गेली. एक इंच. आणखी थोडी. त्याच्या जॅकेटची डावी बाजू ओढली गेली.

मग उजवी.

"घरी जा," तो वहिनींना म्हणाला. "मागे बघू नकोस."

वहिनी गेल्या. त्यांना "द्या हात" म्हटल्यापासून फाटकावर उजेड आला तिथपर्यंतचं काहीच आठवत नाही. पण गल्लीतून वळताना आरशात बघितलं, एवढं त्या कबूल करतात. काय दिसलं ते मी विचारलं नाही. तुम्हीही कधी भेटलात तर विचारू नका.

वायसर आला तो उजाडल्यावर. गाडी लावली, पायरीवर बसला, बुटांसकट. जॅकेट काढायला हात वर होईनात. वहिनींनी ते लहान मुलाचं काढावं तसं काढलं. रात्रभर कुठे होता, त्याला कुठे सोडलं, हे त्याने आजतागायत कोणाला सांगितलेलं नाही. मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने विषय बदलला नाही की काही नाही, नुसता माझ्याकडे बघत बसला. तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही.

त्याच दिवशी त्याने ते ब्रॅकेट उतरवलं. वाकलं होतं? अर्थात वाकलं होतं, पट्टी मधोमध खाली गेली होती. भोकं त्याने दोन्ही बाजूंनी वेल्डिंग करून भरली आणि प्लेट पुन्हा बाजूला लावली. डॉक्टर आधी चिडला. मग आठवड्याने स्वतःच आला, चेहरा उतरलेला. त्याने चौकशी केली होती. गाडी विकणारा दोन भावांतला थोरला. तेच घर, शेवटचं, लोखंडी फाटकाचं. दोघं भाऊ रात्रीचे लांबून परत येत होते. थोरला चालवत होता, हेल्मेटमध्ये गाणी लावून. धाकटा मागे. त्याला डुलकी लागली असेल, तोल गेला असेल, कोण जाणे. पडता पडता हाताला जे लागलं ते त्याने धरलं, आणि मागे धरायला दुसरं होतंच काय? मधली प्लेट. थोरल्याला वाटलं सामान घासतंय, पंपावर थांबून बघू. पंपावर थांबला तेव्हा मागे कोणी नव्हतं.

हे तुम्हाला का सांगतोय? गाण्यांवरून उपदेश करायला नाही. तुम्ही ऐकणार नाही, माहीत आहे मला. धाकट्याने ओरडून थांब म्हटलं असेल आणि पुढच्याने ऐकलं नसेल, ते मला सोसवत नाही म्हणून सांगतोय. आणि त्या रात्री तेच पुन्हा झालं. एक माझी वहिनी तेवढी थांबली.

डॉक्टर आणि त्याची बायको मजेत फिरून आले. महिनाभर. काही त्रास नाही. होणारही नाही. त्या गाडीवर आता कोणी नाही.

गेल्या रविवारी मी वायसरकडे गेलो होतो. तो हल्ली गाडी चालवत नाही. गॅरेजच्या बाहेर खुर्ची टाकून बसतो, हाताखालच्या माणसांना सांगतो, हे आवळ, ते सोड. बसतो तेही खुर्चीच्या अगदी काठावर, मागे जागा सोडून. मी त्याच्याशी चार शब्द बोललो आणि वहिनींच्या गाळ्यात गेलो. त्या मशीनवर होत्या. मांडीवर त्याचं ते जॅकेट.

मी म्हटलं, उसवलं काय? त्यांनी उलटून दाखवलं. कमरेच्या दोन्ही बाजूंना चामडं झिजून पार गेलं होतं. त्यांनी त्यावर ट्रकच्या सीटला लावतात ते जाड रेक्झिन लावलेलं होतं, आणि तेही झिजलं होतं. त्यावर दुसरा थर, तोही गेलेला. आता तिसरा लावत होत्या. मला म्हणाल्या, भावजी, मागे बसणाऱ्याने वर्षानुवर्षं धरलं की कपडा असा जातो. त्या सकाळी यांच्या अंगातून काढलं तेव्हाच असं होतं. आणि तेव्हापासून हे खुंटीवर आहे. कोणी अंगात घातलेलं नाही.

मी म्हटलं, वहिनी, जाळून टाका ते. आत्ता, माझ्यासमोर.

त्यांनी दाताने दोरा तोडला. शटरमधून बाहेर बघितलं. बाहेर वायसर पातळ सदरा घालून बसला होता, आमच्याकडे पाठ करून.

"हे संपलं," त्या म्हणाल्या, "तर मग काय धरतील?"

  त्यांनी जॅकेट खुंटीला अडकवलं आणि चहा ठेवायला आत गेल्या. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना मी त्या जॅकेटवरून सहज हात फिरवला. नवी पट्टी, अर्ध्या तासापूर्वी माझ्यासमोर शिवलेली. डाव्या बाजूला चार ठिकाणी तिची चमक गेली होती.

आणि तेवढ्या जागी ती कोमट होती.